डाक्तरीचा कागद

अकोल्याबाहेर मोर्णेच्या काठाला जानरावांचा भाजीचा मळा होता. त्या घरात सून होऊन रुख्मिणीला तीन वर्षं झाली होती. ती अमरावतीची, फुलमाळ्याची लेक. जात्याच भित्री. विहिरीत डोकावताना काठ धरायची, अनोळखी माणूस मळ्याच्या फाटकाशी दिसला की पदर पुढे ओढून आत पळायची. सासू मनकर्णाबाई तिला हसायची. पण त्या वैशाखात तिच्यावर जे गुदरलं, ते एखाद्या धीट बाईलाही झेपलं नसतं.

तिचा नवरा चंद्रभान हा त्या भागातल्या माळ्यांमध्ये एक नवलच होता. विलायतेपल्याड कुठेतरी अमेरिकेत लढाई जुंपली होती म्हणे, तिथला कापूस बंद पडला होता आणि वऱ्हाडच्या कपाशीला सोन्याचा भाव आला होता. गाव व्यापाऱ्यांनी भरून गेलं होतं. अकोल्याच्या बाजारात गुजराती, मारवाडी, पारशी, गोरे असे सगळे येऊन बसले होते, त्यांच्या जेवणाला भाजी लागायची आणि जानरावांची वांगी-भेंडी उन्हं वर यायच्या आत संपायची. अशा दिवसांत माळ्याच्या पोरानं मोट सोडून शाळेत कशाला जावं? पण चंद्रभान गेला. इंग्रजी शिकला, मुंबईला जाऊन युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा देऊन आला आणि पास झाला.

होळीनंतर हेडमास्तर वामनराव स्वतः मळ्यात आले. पुण्याकडचे ब्राह्मण, पायांत पुणेरी जोडे, डोक्याला पगडी. आंब्याखालच्या बाजेवर बसून त्यांनी एक छापील कागद उघडला.

"जानराव, मुलाला आता पुढे काय शिकायचं ते ठरवावं लागेल," ते म्हणाले. "युनिव्हर्सिटीत चार शाखा आहेत. पहिली आर्ट्स. त्यात इंग्रजी, संस्कृत, गणित, इतिहास, तर्कशास्त्र. दुसरी कायद्याची, तिसरी इंजिनेरीची. पूल, रस्ते, कालवे बांधण्याची विद्या. चौथी वैद्यकाची, म्हणजे डाक्तरीची. वऱ्हाडातून एकाच मुलाला सरकार पाठवणार आहे. अमरावतीचे मोठे साहेब कागद बघतील आणि मुंबईला शिफारस करतील. एकदा शाखा लिहिली की ती बदलत नाही."

जानरावांनी बराच विचार करून विचारलं, "वकील होते थो कोनत्यातून?"

"कायद्यातून."

"मंग कायदा. सरकार जमिनी मोजून राह्यलं. ज्याच्या घरात वकील, त्याचा बांध कोनी सरकवत नाई."

 दाराआडून ऐकणाऱ्या रुख्मिणीला चंद्रभानचं गप्प बसणं चांगलं वाटलं नाही.

पुढे कितीतरी दिवस तो त्या चार शाखांबद्दलच बोलायचा. वाफ्यातलं तण काढताना तो बोलायचा आणि ती ऐकायची. आर्ट्समध्ये ग्रहताऱ्यांचं गणितही असतं, इंजिनेरीत नदीचं पाणी किती हे न मोजता सांगता येतं. तिला गंमत वाटायची. एवढं सगळं एकाच गावात शिकवतात? मग एका सकाळी त्यानं खुरपं खाली ठेवलं.

"रुख्मे, मी डाक्तरी लेहून टाकली."

"बरं केलं," ती म्हणाली. डाक्तरी म्हणजे मुळ्या-काढे, एवढंच तिला माहीत.

"तुले समजलं नाई. तथी मेलेलं माणूस टेबलावर ठेवतात. ते उघडून आतमंदी पाहा लागते. काळीज कुठी, आतडं कुठी. पाह्यल्याबिगर शिकताच येत नाई."

रुख्मिणीच्या हातातली तणाची मूठ गळून पडली. तिला वाटलं तो थट्टा करतोय. पण त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"काहून?" तिनं कसंबसं विचारलं. "चारातली थेच काहून?"

"दादासाठी," तो म्हणाला.

त्याचा थोरला भाऊ गोवर्धन दोन वर्षांमागे रेल्वेच्या भरावावर मातीच्या गाड्या हाकायला बडनेऱ्याकडे गेला होता. तिथे पटकीची, म्हणजे जुलाब-ओकारीची, साथ आली. चंद्रभान त्याला आणायला गेला तेव्हा गोवर्धन सकाळी बोलत होता आणि दुपारी संपला होता. बैलगाडीत भावाचं प्रेत घेऊन चंद्रभान एकटा मूर्तिजापूरमार्गे घरी आला होता. त्याबद्दल तो घरात कधी बोलला नव्हता.

"तथी वैद्य होता, भगत होता, गोऱ्याईचा डाक्तर होता," तो म्हणाला. "तिघांनी तीन गोष्टी सांगतल्या. कोनालेच काई माहीत नव्हतं. दादाच्या आत काय झालं थे मले आजवर माहीत नाई. मी बाबाले सोमवारी सांगतो, मंग मास्तरले कागद नेऊन देतो. तवरीक तू ठेव."

घडी घातलेला तो कागद त्यानं तिच्या हातात दिला. तिनं तो लुगड्यांच्या गाठोड्यात अगदी तळाशी सरकवला. त्या दिवशी ती जेवली नाही. मेलेल्याला चिरणारे हात घरात येणार, त्याच हातांनी तो भाकरी मोडणार, उद्या लेकरू झालं तर त्याला उचलणार. जातीतले लोक काय म्हणतील? आणि ज्याला चिरलं तो मेलेला गप्प बसेल?

सोमवार यायच्या आतच, शनिवारी सकाळी, चंद्रभान विहिरीशी वाकला तो उठेना.

आधी ओकारी, मग जुलाब. उन्हं डोक्यावर येईतो त्याचे डोळे खोल गेले, आवाज बसला, पायांत वांब, पेटके येऊन तो ओरडू लागला. मनकर्णाबाईनं एकदाच त्याच्या नखांकडे पाहिलं. नखं निळी पडली होती. ती मटकन खाली बसली आणि म्हणाली, "गोवर्धनासारखंच."

 रुख्मिणीला त्या क्षणी एकच सुचलं, की हे कागदामुळे झालं. मेलेल्यांना चिरायची भाषा केली, म्हणून मरीआईनं हात टाकला. ती घरामागे धावली, शेंदूर फासलेल्या दगडापुढे तिनं डोकं टेकलं आणि बोलली, "माय, ह्याइले सोड. थे जगले तर मी थो कागद चुलीत टाकतो. तुही आन घेऊन सांगतो. टाकतो म्हंजे टाकतो."

जानरावांनी व्यापाऱ्यांच्या छावणीतून डाक्तर आणला. तो उंबऱ्याच्या आत आला नाही. नाकाला रुमाल लावून बाहेरूनच त्यानं चंद्रभानकडे पाहिलं आणि एक बाटली जानरावांपुढे जमिनीवर ठेवली.

"यातले दहा थेंब दर दोन तासांनी द्या. आणि पाणी अजिबात नाही. पाणी पोटात गेलं की जुलाब वाढतील आणि मनुष्य जाईल. घोटभरही नाही."

संध्याकाळी भगत आला. त्यानं अंगारा लावला, लिंबू उतरवलं आणि तोही तेच म्हणाला, "पानी देऊ नका."

मनकर्णाबाईनं घरातला माठ उचलून बाहेर नेला.

रविवारी चंद्रभान ओळखू येईना. गालांची हाडं वर आली, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. त्याला धड बोलताही येत नव्हतं. ओठ हलायचे, आणि त्यांतून एकच शब्द यायचा. "पानी." त्याची आई तोंड फिरवून रडायची. "देऊ नको, रुख्मे. माह्या गळ्याची आन हाये."

दुपारी ऊन असं होतं की केळीची पानं जळाल्यासारखी लोंबत होती. सासरे मोटेवर होते, कारण भाजी सुकली असती तर घरच सुकलं असतं. सासू देवीला नैवेद्य घेऊन गेली. घरात रुख्मिणी आणि तो, दोघंच. तो तिच्याकडे पाहत होता. आता तो पाणीही मागत नव्हता. नुसता पाहत होता.

ती उठली. का उठली ते तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. डाक्तरचं बोलणं तिला पाठ होतं, सासूची शपथ कानात होती, एक घोट आणि हा संपला हे तिला पक्कं माहीत होतं. तिला असंही वाटलं, की मरणारच असेल तर तहानलेला तरी मरू नये. चुलीवर तांदळाची पेज होती. तिनं वरचं पाणी गाळलं, मीठ टाकलं, आणि पळी त्याच्या ओठांना लावली. अर्धी पेज त्याच्या गळ्यावरून खाली ओघळली.

त्यानं गिळलं.

ती श्वास रोखून त्याच्या छातीकडे पाहत राहिली. आता थांबेल, आता थांबेल. छाती हलतच राहिली. तिनं दुसरी पळी दिली. तो ओकला. तिनं तोंडात पदर कोंबून किंकाळी दाबली, जरा थांबली, आणि पुन्हा दिलं. पेज संपली तेव्हा बाहेरचा माठ आत ओढून आणला आणि मीठ टाकून तेच पाणी पाजू लागली. मनकर्णाबाई परतली, तिनं माठ पाहिला, सुनेकडे पाहिलं, आणि तिच्या हातातलं ताट खाली पडलं.

"मारलंस त्याले," ती म्हणाली. "मारलंस माह्या लेकाले."

  रुख्मिणीनं पळी खाली ठेवली नाही. सासूनं ती हिसकायला हात पुढे केला, तेवढ्यात चंद्रभान कुशीवर वळला आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, "अजून दे."

दोन दिवसांत आलेला तो पहिला स्पष्ट आवाज होता. मनकर्णाबाईचा हात तिथेच थांबला. मग तीच विहिरीकडे गेली आणि भरलेली घागर घेऊन आली.

मंगळवारी सकाळी त्याला लघवी झाली, नखांचा निळेपणा उतरला आणि तो झोपला. साधी, माणसाची झोप. घरातल्या तिघांनीही एकमेकांकडे न पाहता डोळे पुसले.

तेव्हा कुठे रुख्मिणीला तिची शपथ आठवली, आणि गेलेली भीती फिरून आली. तो जगला होता. आता कागद चुलीत जायला हवा होता. तिनं गाठोडं सोडून कागद बाहेर काढला आणि चुलीपुढे बसली. लाकडं पेटली होती. हात पुढे करायचा, एवढंच.

पण तिला राहून राहून एक गोष्ट टोचत होती. तिनं पाणी पाजलं होतं. पाण्यानं माणूस मरतो असं सगळे म्हणाले होते, शिकलेला डाक्तर आणि बिनशिकलेला भगत दोघंही, आणि तो मेला नव्हता. मग गोवर्धनभाऊजी? त्यांनीही मागितलं असेल. त्यांनाही कुणी दिलं नसेल. कुणालाच काही माहीत नव्हतं, असं चंद्रभान म्हणाला होता. तेव्हा तिला ते नुसतं दुःखाचं बोलणं वाटलं होतं. आता चुलीपुढे बसल्या बसल्या तिला ते खरंच समजलं, आणि समजल्यावर ती जास्तच घाबरली. म्हणजे सगळीकडे माणसं नुसती अंदाजानं जगवत होती आणि मारत होती. तीसुद्धा.

बाहेर टांगा थांबल्याचा आवाज आला. वामनराव होते. ते फाटकाबाहेरच उभे राहिले.

"जानराव, मुलगा वाचला असं ऐकलं. देवाची कृपा," ते म्हणाले. "पण मी फार थांबू शकत नाही. डाकेच्या टांग्यानं आत्ताच अमरावतीला निघालोय. साहेब उद्या कागद बंद करणार. चंद्रभाननं शाखा कळवलेली नाही."

"थो झोपला हाये. मी सांगतो ना. कायदा लिहा."

"त्याचं स्वतःचं मत असतं तर बरं झालं असतं."

"माहं मत थेच त्याचं मत. लिहा मास्तर."

वामनरावांनी टांग्यात बसून गुडघ्यावर कागद घेतला, दौत उघडली. रुख्मिणी दाराशी उभी होती. नवऱ्याला उठवावं, तर त्याला धड मान उचलवत नव्हती. गप्प राहिली तर सगळंच सोपं होतं. शपथ पाळली जाणार, सासरे खूश, जातीत मान, आणि नवऱ्याचे हात स्वच्छ. बोलली तर देवीशी खोटं, आणि देवीनं दिलेला माणूस देवी परत नेऊ शकते.  सासऱ्यांपुढे ती आजवर एक शब्दही बोलली नव्हती.

तिनं पदर ओढला आणि अंगणातून चालत फाटकाशी गेली. 

"मामाजी," ती म्हणाली, "त्याईनं लेहून ठेवलं हाये."

जानराव चमकून वळले. तिनं कागद पुढे केला. त्यांना वाचता येत नव्हतं. कागद वामनरावांकडे गेला. त्यांनी वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"वैद्यक," ते हळू म्हणाले. "जानराव, तुम्हांला कल्पना आहे का? तिथे प्रेतांची चिरफाड..." 

"मढी?" जानरावांचा आवाज चढला. "माहा पोरगा मढी फाडनार? तुले माहीत होतं, सूनबाई?"

"व्हय."

"आन तू मले आता सांगून राह्यली? तुले काई वाटत नाई?"

"लय भेव वाटते," रुख्मिणी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "आताबी वाटून राह्यलं. पन त्याईनं भाऊजींसाठी लेहिलं हाये. बडनेऱ्याले भाऊजींले काय झालं थे कोनालेच समजलं नाई म्हनत होते. म्हनून लेहिलं."

 दोन वर्षांत गोवर्धनाचं नाव जानरावांपुढे कुणी काढलं नव्हतं. ते वळले, मोटेकडे चालू लागले, आणि बैलांपाशी जाऊन पाठ करून उभे राहिले.

 "ते नाही म्हणाले नाहीत," वामनराव जणू स्वतःशीच बोलले. मग त्यांनी तो कागद बाकीच्या कागदांत ठेवला आणि टांगेवाल्याला खूण केली.

त्यानंतरचे पंधरा दिवस रुख्मिणीनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. चंद्रभान खोकला की ती धावायची, तो जास्त वेळ झोपला की नाकाशी बोट धरायची. शेवटी तिनं त्याला सगळं सांगितलं. शपथ, चूल, टांगा, सगळं. तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही.

"मलेही भेव वाटते," तो म्हणाला. "थो कागद लेहिल्यापासून मले दादा दिसते. टेबलावर निजलेला. तू कागद जाळला असता तर मले बरंच वाटलं असतं कदाचित. आता जा लागते."

मृगाआधी अमरावतीहून हुकूम आला आणि चंद्रभान मुंबईला गेला. मनकर्णाबाईनं त्याच्यासोबत गूळ-तिळाचे लाडू दिले. जानराव निरोप द्यायला फाटकापर्यंत आले, पण बोलले फक्त बैलांबद्दल. गावात बातमी फुटायला वेळ लागला नाही. बाळापूरला नात्यातलं लग्न निघालं, तेव्हा घरच्या तिघांची पानं जातीच्या पंगतीपासून वेगळी मांडली होती. जानराव जेवले आणि गप्प परत आले. रुख्मिणीला वाटलं, आता आपल्याला बोल लागणार. तोही लागला नाही. घरातली ती शांतता तिला बोलांपेक्षा जड गेली. रोज मरीआईच्या दगडाला पाणी घालताना तिची नजर वर उठत नव्हती.

श्रावणात पत्र आलं. बाळबोध अक्षरं चंद्रभाननं तिला शिकवली होती, ते सासूला माहीत होतं आणि सासरे माहीत नसल्यासारखं दाखवायचे. मनकर्णाबाई शेंगा सोलत होती. "वाच," ती म्हणाली. जानराव जवळच दोर वळत बसले.

रुख्मिणी एकेक अक्षर जुळवत वाचू लागली. मी खुशाल आहे. खोलीत आम्ही चौघं आहोत. एक रत्नागिरीचा, तो आर्ट्सला आहे, रात्रंदिवस संस्कृत म्हणतो. एक पारशी कायद्याला. तिसरा धुळ्याकडचा, पुढे इंजिनेरीला जाणार आहे, तो आमच्या खिडकीची उंचीसुद्धा मोजतो. मी डाक्तरीचा, म्हणून बाकीचे माझ्या अंथरुणाला पाय लागू देत नाहीत, पण लाडू मात्र खाल्ले.

जानराव हसल्यासारखे झाले.

पुढची ओळ पाहून रुख्मिणी थांबली.  तिनं ती ओळ सोडली आणि खालचं वाचलं, "इथे पाऊस फार आहे. बाबांनी तब्येत सांभाळावी."

"मधलं काय गाळलं?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"काई नाई, आत्याबाई."

"तुह्या तोंडावर दिसते. वाच."

रुख्मिणीनं कागदावर बोट ठेवलं.  "पहिल्या दिवशी चिरफाडीच्या खोलीत मला उभं राहवलं नाही. मी पळून बाहेर आलो आणि पायरीवर बसून ओकलो. मास्तरांना पत्र लिहून कायद्यात घालून घ्या म्हणावं असं वाटलं. मग तासाभरानं परत आत गेलो. तिथे टेबलावर एक म्हातारा होता. त्याचा हात मी हातात धरला."

 जानरावांच्या हातातला दोर थांबला होता. मनकर्णाबाईच्या मांडीवर सोललेल्या शेंगांची टरफलं साचली होती. ती त्या टरफलांकडे बघत राहिली.

"परत आत गेला ना?" तिनं विचारलं.

"व्हय. तासाभरानं."

"मंग लेह्य त्याले," मनकर्णाबाई म्हणाली. "जेवत जा म्हना. आन त्या म्हाताऱ्याच्या घरचं कोन हाये थे विचार."